काचेच्या टाकीतील पाणवनस्पती

माशांची काचेची टाकी ही आता केवळ शहरातील बंगल्यांची चैन राहिलेली नाही. खेड्यापाड्यांतील घरांतही मुले हट्ट धरतात आणि बाजारातून टाकी येते. पुढची गोष्ट बहुतेक घरी एकसारखीच असते. मासे सोडतात, प्लॅस्टिकची रंगीत झाडे खोवतात, महिन्याभरात पाणी हिरवेगार होते, मासे एकेक करून उलटे होतात आणि टाकी माळ्यावर जाते. या टाकीत खरी वनस्पती वाढवली तर पाणी पुष्कळ काळ चांगले राहते. वनस्पती माशांच्या मलमूत्रातील नत्र शोषून घेते आणि उजेडात पाण्यात प्राणवायू सोडते. ज्याला उसाची कांडी आणि रताळ्याचा वेल लावता येतो, त्याला हे काम मुळीच अवघड नाही.

पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींत काही गवतासारख्या असतात. त्यांची पाती एका गड्ड्यातून निघतात. आज आपण पाहणार आहोत त्या दुसऱ्या वर्गातल्या, म्हणजे उभ्या खोडाच्या. उसाला जशी पेरे असतात तशी यांच्या नाजूक खोडालाही असतात, आणि प्रत्येक पेरापाशी पाने व सुप्त डोळा असतो. खोडाचा तुकडा मोडला व त्यावर एखादे निरोगी पेर असले, की त्यातून नवे झाड होऊ शकते. या वनस्पती वाढवणे सोपे का, आणि त्यांच्यापासून सावध राहावे का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर याच गुणात आहे.

दुकानात काचेमागे ठेवून विकल्या जाणाऱ्या यातील कित्येक वनस्पती मूळच्या आपल्याच आहेत. हायड्रिला तर तळ्यात आणि कालव्यात भरपूर. शाळेत काचेचे नरसाळे उलटे ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवतात ती हीच. भाताच्या खाचरात व ओलवणीत अंबुली उगवते. दुकानदार तिच्या जातींना ‘अंबुलिया’ म्हणतात. हवेतील तिची पाने साधी आणि पाण्याखालची पिसासारखी बारीक चिरलेली, इतका फरक की एकच झाड आहे हे पटत नाही. रोटाला आणि हायग्रोफिला यांच्याही काही जाती भारतातल्याच. आपण या सगळ्यांना सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण खऱ्या शेवाळाला मूळ, खोड, पान असे भाग नसतात.

नवशिक्याने हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, हायड्रिला किंवा अंबुलीने सुरुवात करावी. रोटाला मॅक्रान्ड्रा ही तांबडीलाल जात डोळ्यांत भरते खरी, पण तिला प्रखर उजेड व पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू लागतो. पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नये.

टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असली तर तीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे वाळू व काच धरून साठ-सत्तर किलोचे वजन. टेबल मजबूत हवे. तळाला दोन-तीन मिलिमीटर दाण्याची नदीची जाड वाळू, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, पाच ते सात सेंटिमीटर पसरावी. गोव्याकडच्या वाचकांनी किनाऱ्यावरची वाळू वापरू नये. तीत शिंपल्यांचा चुरा असतो व त्याने पाणी जड होते. शंका असेल तर चिमूटभर वाळू बशीत घेऊन वर घरातल्या व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फसफसली तर ती वाळू टाकीसाठी नको. नळाच्या पाण्यात, किंवा नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन असते. असे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग भरावे.

बेणे खाचरातून आणायचे असेल तर आधी एक गोष्ट पाहावी. त्या शेतात किंवा वरच्या बांधाच्या शेतात अलीकडे कीटकनाशक फवारले असेल तर तिथला एक काडीही आणू नये. माणसाला न जाणवणारा अंशही माशांना मारू शकतो. आणलेले बेणे पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ धुवावे व आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवावे. चतुराची पिल्ले पाण्यात राहतात आणि लहान मासे पकडून खातात. बादलीत ती दिसून येतात.

आता लावणी. दुकानातून येणारी जुडी शिशाच्या पट्टीने किंवा रबराने आवळलेली असते. ती तशीच खोवली की आतल्या काड्या कुजतात. जुडी सोडावी, काळी पडलेली बुडखे कापून टाकावीत आणि दहा ते पंधरा सेंटिमीटरचे निरोगी तुकडे करावेत. खालच्या दोन पेरांची पाने काढून ती पेरे वाळूत जातील अशी एकेक काडी तीन सेंटिमीटर खोल, दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर लावावी. भाताची रोपे फार दाट लावली तर काय होते हे आपल्याला सांगायला नको. इथेही खालच्या पानांपर्यंत उजेड पोचला नाही की ती गळतात आणि झाड बुडाशी उघडे पडते.

पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळ पाने विरघळल्यासारखी होतात. येथेच लोकांचा धीर सुटतो. विक्रीची बरीच रोपे ओल्या मातीत, पण हवेत वाढवलेली असतात. त्यांची हवेतली पाने पाण्याखाली टिकत नाहीत. शेंड्याला नवी, पातळ पाने फुटू लागली म्हणजे झाड लागले असे समजावे. मेलेली पाने रोज काढावीत, पण झाड उपटून मुळे पाहण्याचा मोह आवरावा.

शेंडे पाण्याच्या पृष्ठभागाला टेकले की छाटणी करावी, आणि इथे पुष्कळांचे चुकते. ते बागेतल्या कुंपणासारखे वरवर कातरतात. चांगली रीत अशी की वरचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा जोमदार शेंडा पेराच्या जरा वर कापून घ्यावा व तो नव्याने लावावा. खालचे खोड तरुण असेल तर तसेच ठेवावे, कापल्या जागेखालच्या डोळ्यांतून दोन फुटवे येतात. ते जुने व उघडे झाले असेल तर उपटून टाकावे. उसाचा खोडवा किती वर्षे ठेवायचा याचा हिशेब आपण करतोच, तसेच हे. एका दिवशी सगळी टाकी छाटू नये. झाडे अचानक कमी झाली की उरलेल्या अन्नावर शेवाळ माजते.

उजेड रोज आठ तास पुरे, सुरुवातीला सहाच. एवढ्या टाकीला १५ ते २० वॅटचा एलईडी दिवा चालतो. पश्चिमेच्या उन्हात टाकी ठेवू नये. पाणी तापते व हिरवे होते. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

खताची लक्षणे शेतातल्यासारखीच वाचता येतात. नवी पाने पिवळी-पांढरी येत असतील, उसावर केवडा पडतो तशी, तर लोह कमी आहे. जुन्या पानांना बारीक छिद्रे पडत असतील तर बहुधा पालाश कमी. नत्र व स्फुरद माशांमुळे बहुतेक पुरतात. पाणवनस्पतींसाठी मिळणारे द्रवखत सांगितल्याच्या निम्म्या मात्रेने सुरू करावे. कोठीतला युरिया मात्र चुकूनही टाकू नये. पाण्यात त्याचा अमोनिया होतो आणि सगळे मासे मरतात.

वनस्पती दाट झाली आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर घाबरू नये. रात्री उजेड नसल्याने वनस्पतीही प्राणवायूच वापरते. रात्रीपुरता हवेचा पंप चालू ठेवावा.

दोन सूचना आरोग्याच्या. पाणी बदलताना नळी तोंडाने ओढू नये. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये, कारण या पाण्यातील एका जंतूमुळे कातडीवर महिनोन्‌महिने न बरा होणारा फोड येऊ शकतो. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी दिवा व पंप यांची बटणे बंद करावीत.

आता छाटलेल्या काड्यांचे काय करायचे? त्या ओढ्यात, विहिरीत, तळ्यात टाकू नयेत. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आली आणि तिने आपली किती तळी झाकली ते आपण पाहतोच. तिकडचीच कॅबोम्बा टाकीसाठी सर्रास विकली जाते. तिचीच एक जात केरळात जलाशयांत पसरली. कोळिकोड जिल्ह्यातील आवळपांडी येथे २०२० साली तिच्या गुलाबी फुलांनी भरलेला ओढा पाहायला लोकांची झुंबड उडाली होती. फुले सुंदर, पण खाली पाण्याची वाट बंद. उलट दिशेचेही उदाहरण आहे. आपली हायड्रिला १९५० च्या दशकात टाकीची शोभा म्हणून अमेरिकेत फ्लोरिडाला गेली, कालव्यात पडली आणि तिथल्या तळ्यांत व नद्यांत पसरली. आज हायड्रिला, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा व अंबुलीची एक जात, तिन्ही अमेरिकेच्या सरकारी उपद्रवी तणांच्या यादीत आहेत. हायड्रिला मूळची आपली असली तरी आपल्या पाटात दाट माजली की शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. तेव्हा तीही पाटात टाकू नये.

काड्या फरशीवर किंवा पत्र्यावर पसरून कडक उन्हात, चुरगळल्यावर भुगा होईपर्यंत वाळवाव्यात. मग खुशाल उकिरड्यावर टाकाव्यात, खत चांगले होते. टाकीतून काढलेले पाणी, त्यात मीठ किंवा माशांचे औषध घातलेले नसेल तर, मिरचीच्या वाफ्याला किंवा माडाच्या आळ्यात ओतावे. टाकी कायमची मोडायची असेल तर वाळूकडेही लक्ष द्यावे. हायड्रिलाला वाळूत वाटाण्याएवढे कंद धरतात आणि ते ओलीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. वाळूवर उकळते पाणी ओतावे, ती उन्हात पूर्ण वाळवावी आणि मगच बांधकामाला किंवा अंगणात वापरावी.