सनद

(कॉलेजचे शेवटचे वर्ष कसे असते, पदवीपूर्वी कोणती तयारी करावी लागते आणि पदवी मिळाल्यानंतर काय घडते, याविषयी एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलेले अनुभव या पाठात दिले आहेत.)

मुलांनो, फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट आहे. शाळा सुटली होती. मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "सर, आत येऊ का?"

मी मान वर केली. आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी होती. पाच वर्षांपूर्वी ती दहावी झाली. मराठीच्या तासाला ती मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत असे. आज तिने आपण होऊन मराठीत विचारले, याचा मला आनंद झाला. आता ती बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात शिकत होती. तिच्या हातात एक निळी फाईल होती.

"सर, दोन-तीन महिन्यांत परीक्षा. मग निकाल लागेल, मग पदवी मिळेल. झाले!" ती म्हणाली.

"आणि मग?" मी विचारले.

ती हसली, पण काही बोलली नाही. ते गप्प राहणे माझ्या ओळखीचे होते.

मी २०१० साली बी.ए. झालो. आमचे घर मालेगावचे. अब्बा यंत्रमागावर काम करत. बारा तासांची पाळी आणि शुक्रवारी सुट्टी. अम्मी घरी बसून कांड्या भरत असे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. निकाल लागला तेव्हा अब्बांनी कारखान्यात पेढे वाटले. काही महिन्यांनी विद्यापीठाचे पदवी प्रमाणपत्र टपालाने घरी आले. अब्बांना फक्त उर्दू वाचता येत असे. त्यांनी हात धुतले, पुसले आणि मग तो जाड कागद हातात घेतला. "पढ़ के सुना," ते म्हणाले. मी वाचून दाखवले. तेव्हा अम्मीने आतून विचारले, "अब आगे क्या, बेटा?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर उत्तर होते, पण ते हातातून निसटले होते.

झाले असे की मला बी.एड. करायचे होते. निकालानंतर मी प्रवेशासाठी कागद तपासून घ्यायला गेलो. टेबलापलीकडच्या बाईंनी माझी दहावीची आणि बी.ए.ची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवली. एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "हे दोघे जण एकच का?" दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावात 'मोहम्मद' हा शब्द पूर्ण लिहिलेला होता आणि आडनाव अन्सारी होते. कॉलेजचा फॉर्म भरताना मी घाईघाईत 'मोहम्मद'ची दोन-तीन अक्षरे लिहून पुढे टिंब दिले होते आणि आडनावाच्या रकान्यात अब्बांचे नाव लिहिले होते. त्यानंतर तीन वर्षे प्रत्येक गुणपत्रिका तशीच येत गेली. मी दर वेळी गुण पाहिले. नाव एकदाही पाहिले नाही. चूक माझीच होती.

मग धावपळ सुरू झाली. प्रतिज्ञापत्र केले. शासनाच्या राजपत्रात नावाची नोंद छापून यावी म्हणून अर्ज केला. हे सारे हातात येईपर्यंत प्रवेशाची मुदत संपली. एका टिंबापायी माझे एक वर्ष गेले.

ते वर्ष मी अब्बांच्या शेजारच्या मागावर काढले. मागावर काम करण्यात कमीपणा नाही. त्याच कामावर आमचे घर चालले आणि माझी फी भरली गेली. पण कामावरचा तो पहिला शनिवार मला अजून आठवतो. शुक्रवारची सुट्टी संपली, माग सुरू झाले आणि माझ्या मनात आले की कॉलेजात आता पहिला तास सुरू झाला असेल. कॉलेजात असताना घंटा होती, वेळापत्रक होते. दहा वाजता कुठे असायचे, हे दुसरे कोणीतरी ठरवून देत होते. पदवी मिळाली आणि ते सारे बंद झाले. एस.टी.चा सवलतीचा पास गेला. शिष्यवृत्ती थांबली. ग्रंथालयाचे कार्ड परत द्यावे लागले. आपण आता विद्यार्थी नाही आणि अजून दुसरे काहीच नाही, असे ते दिवस होते. या दिवसांविषयी मला आधी कोणीही सांगितले नव्हते, म्हणून तुम्हांला सांगत आहे.

त्या वर्षात एक गोष्ट मात्र चांगली घडली. कारखान्याजवळच्या चहाच्या दुकानात एक मराठी दैनिक येत असे. दुपारच्या सुट्टीत मी ते हातात पेन्सिल घेऊन वाचू लागलो. न समजलेल्या शब्दाखाली रेघ मारायचो आणि संध्याकाळी शब्दकोश पाहायचो. दुकानाचे मालक आधी रागावत. नंतर म्हणू लागले, "मास्तर आले, पेपर द्या." मी मास्तर होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी मला मास्तर केले.

आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीचे शब्द कसे चकवतात, ते मला चांगले ठाऊक आहे. बारावीनंतर कॉलेजात गेलो तेव्हा कारकून म्हणाले, "आधी दाखला आणा." मी म्हणालो, "तोच तर घ्यायला आलो आहे!" सगळी रांग हसली. उर्दूत दाख़िला म्हणजे प्रवेश. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. शब्द एकाच घरचे, पण संसार वेगळे! उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, तर मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दूत राज़ीनामा म्हणजे दोन पक्षांतला समझोता, तर मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. नव्या नोकरीत हा शब्द चुकून कोठे लिहू नका! सनद हा शब्द मात्र दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच आहे. वकिलाला वकिलीची सनद मिळते, असे मराठीत आजही म्हणतात. पदवी देण्याच्या समारंभाला मराठीत दीक्षान्त समारंभ किंवा पदवीदान समारंभ म्हणतात. आपण त्याला उर्दूत जल्सा-ए-तक़्सीम-ए-असनाद म्हणतो. असनाद हे सनदचेच अनेकवचन.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याचे फोर्ट भागातले दीक्षान्त सभागृह १८७४ साली बांधून पूर्ण झाले. रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्यांची ती दगडी इमारत बाहेरून पाहिली तरी माणूस दबकून उभा राहतो. आमच्या भागातली कॉलेजे पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. ते विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. समारंभाला मी स्वतः गेलो नाही. पुण्याला जाण्या-येण्याचा खर्च होता, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडाली असती. आता वाटते, अब्बांना घेऊन जायला हवे होते.

असो. त्या मुलीची फाईल आम्ही टेबलावर उघडली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, अधिवासाचा दाखला आणि पाच सत्रांच्या गुणपत्रिका, सारे होते. मी तिला गुणांवर हात ठेवून फक्त नावे वाचायला लावली. तिसऱ्या कागदावर ती थांबली. कॉलेजच्या सर्व गुणपत्रिकांवर तिच्या नावातले एक अक्षर कमी होते.

"मी दुसऱ्या वर्षातच पाहिले होते, सर. वाटले, नंतर बघू."

"हेच ते नंतर," मी म्हणालो.

पदवी प्रमाणपत्र छापण्याआधी कॉलेजमार्फत दुरुस्ती करून घेणे त्या मानाने सोपे असते. छापून आल्यावर तेच काम कितीतरी वाढते. आणि पदवी आपोआप घरी येईल, असेही समजू नका. निकाल लागला तरी पुष्कळ विद्यापीठांत पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी भरावी लागते. दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागते. राखीव जागेसाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते आणि ते मिळायला बराच काळ जाऊ शकतो. तुम्ही तर अजून शाळेतच आहात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधले नाव आजच घरी विचारून पडताळून घ्या. शाळा सोडल्यावर त्या रजिस्टरात बदल करणे फार कठीण जाते आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर तेच नाव जाते.

मग खरा प्रश्न निघाला. तिला एम.एस्सी. करायचे होते, आणि त्यासाठी नाशिकला राहावे लागणार होते. तिच्या अब्बांचे म्हणणे होते की गावातच राहून बी.एड. कर. मी त्यांना ओळखतो. मुलीला त्यांनी शिकवले, पण वसतिगृहाचा खर्च मोठा आणि पाठची दोन मुले लहान. त्यांचे चुकते, असे मला म्हणवेना. बी.एड. माझ्या वेळी एका वर्षाचे होते, २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. प्राथमिक शाळेत शिकवायचे तर शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. म्हणजे तोही रस्ता जवळचा नाही.

"दोन्हीकडे अर्ज कर," मी सांगितले. "प्रवेश परीक्षेचा अर्ज शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही करता येतो, निकालासाठी थांबावे लागत नाही. जागा मिळाल्यावर अब्बांशी बोल. जागाच नसेल तर बोलणार कशावर?"

"आणि नोकरी, सर?"

तिला मी बँकेचे सांगितले. लिपिकाच्या भरतीत त्या राज्याची भाषा येते की नाही, हे पाहतात. भारतीय स्टेट बँकेच्या लिपिक भरतीत तर दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा शिकल्याची नोंद असेल, तर भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत मराठीची प्रश्नपत्रिका अनिवार्य असते. पोलीस भरतीची लेखी परीक्षाही मराठीतून होते. हे ऐकून तिने फाईलमधली दहावीची गुणपत्रिका पुन्हा काढली आणि मराठीचे गुण पाहिले. फार नव्हते. खिडकीबाहेर बघण्याचे ते गुण होते. आम्ही दोघेही हसलो.

"आता नावाच्या दुरुस्तीचा अर्ज लिही," मी म्हणालो. "येथेच, माझ्यासमोर."

तिने कागद घेतला. 'दुरुस्ती' हा शब्द तिने आधी 'दुरूस्ति' असा लिहिला. मी लाल पेनाने खूण केली. तिने नवा कागद घेतला आणि सारे पुन्हा लिहिले. शेवटी आली आणि थांबली.

"सर, खाली काय लिहू? 'आपला विश्वासू'?"

"तू मुलगी आहेस ना? 'आपली विश्वासू' लिही."

तिने लिहिले, खाली सही केली आणि कमी असलेले ते अक्षर सहीत नीट वाचता येते की नाही, हे दोनदा पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचे कार्यालय उघडायच्या आधीच ती दारात उभी होती, असे नंतर मला कळले.

स्वाध्याय

लेखकाचे एक वर्ष कशामुळे वाया गेले, ते चार-पाच वाक्यांत सांगा.
'आपण आता विद्यार्थी नाही आणि अजून दुसरे काहीच नाही' असे लेखकाला का वाटले?
दाखला, तालीम, राजीनामा या शब्दांचे मराठी व उर्दू अर्थ लिहा. असे आणखी दोन शब्द शोधा.
शाळेच्या रजिस्टरमधील आपल्या नावाची दुरुस्ती करून मिळावी म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज लिहा.