एंटर दाबण्याआधी

ठाणे

चि. पिंट्या यास,


काल तुझ्या आईचा फोन होता. पोराला इंजिनिअर केलं, पुण्याजवळ मारुंजीत एवढं भाडं भरून खोली घेऊन दिली, आणि कंपनीने त्याला काळ्या पडद्यावर टायपिंग करायला बसवलं, अशी तिची तक्रार. मी म्हटलं, ताई, ज्याला माऊसशिवाय काम करता येतं त्यालाच रात्री दोनला फोन येतो. हे ऐकून तिला काही बरं वाटलं नाही. तू मात्र समजून घे.

तूही तेच विचारलं होतंस, जरा सभ्य शब्दांत: रंगीत डॅशबोर्ड असताना कमांड लाइन कशाला? डॅशबोर्डवरचा आलेख बहुतेक वेळा पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. एखादी लिंक दहा सेकंद काठोकाठ भरली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर सरासरी येते साधारण तीन टक्के. आलेख हिरवा, मॅनेजर खूश. पण त्या दहा सेकंदांत टाकून दिलेली पॅकेट्स ज्याची होती, तो मात्र फोन करून ओरडतोय. ती पॅकेट्स डिव्हाइसच्या काउंटरमध्ये मोजलेली असतात आणि ‘शो इंटरफेस’ मारल्यावर दिसतात. दुसरं कारण अधिक रोकडं आहे. डॅशबोर्ड नेटवर्कवरूनच उघडतो, म्हणजे नेटवर्क झोपलं की तोही झोपतो. कन्सोल पोर्टला लावलेली वायर मात्र चालू राहते. बॅगेत एक कन्सोल केबल आणि एक यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर कायम ठेव, आणि बहुतेक पेट्या 9600च्या वेगावर बोलतात हे लक्षात ठेव. पडद्यावर कचरा अक्षरं आली तर घाबरू नकोस, वेग चुकलाय एवढंच.

आता तुझ्या हाती दिलेल्या पेट्यांबद्दल. टॅप, पॅकेट ब्रोकर, स्विचवरचं स्पॅन, ही सगळी कानोसा घेणारी मंडळी. वाहत्या ट्रॅफिकची नक्कल काढायची, तपासणाऱ्या यंत्राकडे पोचवायची, आणि मूळ वाहतुकीला धक्का लावायचा नाही. त्यांच्यासमोर बसणाऱ्या माणसाकडूनही माझी तेवढीच अपेक्षा आहे. पहिले सहा महिने तू फक्त बघायच्या कमांड मारल्यास आणि एकही बदल केला नाहीस, तरी मी म्हणेन की पोरगा पगार कमावतोय.

बघणं म्हणजे काय तेही सांगते, कारण नवी पोरं ‘शो इंटरफेस’च्या पहिल्या ओळीतलं ‘अप-अप’ वाचतात आणि पुढे सरकतात. लिंक अप आहे याचा अर्थ पलीकडे कोणीतरी आहे, इतकाच. खाली वाच. काउंटर शेवटचे कधी शून्य केले होते? ‘नेव्हर’ असेल आणि सीआरसीच्या चुका, म्हणजे वाटेत बिघडलेली पॅकेट्स, चार हजार दिसत असतील, तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. ते तीन वर्षांपूर्वीच्या एका खराब पॅच कॉर्डचे असू शकतात. आकडा टिपून ठेव, पाच मिनिटांनी तीच कमांड पुन्हा मार, आणि दोन्हींतला फरक काढ. फरक शून्य असेल तर तो इतिहास आहे, सोडून दे. आकडा वाढला असेल तर आत्ता, या क्षणी काहीतरी बिघडतंय. मग ऑप्टिकवर किती प्रकाश पोचतोय ते बघ, आणि तो आकडा त्या एसएफपीच्या, म्हणजे पोर्टात खोचलेल्या त्या ऑप्टिकच्या, मर्यादेशी ताडून पाहा. काउंटर लगेच क्लिअर करायला हात शिवशिवतील. ते टाळ. पुरावा पुसल्यासारखं होतं ते, आणि तुझ्यामागून येणाऱ्या शिफ्टला काहीच हाती लागत नाही.

परवा तू कळवलंस की चाकणच्या एका ग्राहकाकडे टॅपकडून येणाऱ्या आपल्या मॉनिटर पोर्टवर सीआरसी वाढतायत, आणि टीममधला एकजण ग्राहकाला ‘तुमची लिंक खराब आहे’ असा मेल टाकायला निघालाय. थांबवलंस हे फार चांगलं केलंस. फायबर टॅप प्रकाशाची वाटणी करतो. सत्तर-तीसचा असेल तर सत्तर टक्के प्रकाश मूळ वाटेने जातो आणि तीस टक्के आपल्याकडे येतो. तीस टक्के म्हणजे पाच डेसिबलहून जास्त घट, वर कनेक्टरची घट वेगळी. म्हणजे आपल्या बाजूला चुका दिसतायत म्हणून ग्राहकाच्या बाजूलाही असतील असं नाही. त्याच्या स्विचवरचा तोच काउंटर मागून घे. तिथे शून्य असेल, तर आपलंच फायबर किंवा आपलीच एसएफपी मंद प्रकाशात चाचपडतेय. कनेक्टर नीट पुसूनही घे. निम्मे आजार तिथेच बरे होतात.

स्पॅनवर याच्या उलट फसगत होते. एक गिगाबिटची लिंक दोन्ही दिशांनी भरली की तिची नक्कल होते दोन गिगाबिट, आणि बाहेर पडायचं एकाच गिगाबिटच्या पोर्टमधून. भूमकर चौकात संध्याकाळी सात वाजता होतं तेच होतं, फरक एवढाच की इथे गाड्या रांगेत थांबत नाहीत, गायब होतात. विश्लेषण करणारं यंत्र मग छातीठोकपणे सांगतं की ग्राहकाचे पॅकेट लॉस होतायत. लॉस झालेत नकलेत, मूळ ट्रॅफिकला काही झालेलं नसतं. एका ठिकाणी या घोळापायी दोन टीम आठवडाभर एकमेकींच्या नावाने बोटं मोडत होत्या, आणि उत्तर स्पॅनच्या बाहेरच्या पोर्टवरच्या ‘आउटपुट ड्रॉप्स’ या एका ओळीत होतं.

चाकणचं काम आहे म्हणून एक तंबी. तिथल्या शॉप फ्लोअरवर जुन्या पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे कंट्रोलर, असतात, कित्येक तर तुझ्या जन्माआधी ठरलेल्या प्रोटोकॉलवर चालतात. ऑफिसच्या नेटवर्कवर आपण सहज स्कॅन चालवतो, तसं तिथे चालवायचं नाही. अनपेक्षित पॅकेट्सचा मारा झाला की काही पीएलसी अडखळतात, आणि लाइन थांबली की शिफ्ट सुपरवायझर येतो तो इंजिनिअरची पदवी बघायला येत नाही. तिथे फक्त ऐकायचं.

बदलाकडे येते. तो कधीतरी करावाच लागेल. आधी प्रॉम्प्ट वाच, शक्यतो ओठ हलवून. नाव कुठल्या पेटीचं आहे? शेवटी बाणाचं टोक आहे की हॅश? कंसात ‘कॉन्फिग’ आहे का? चार खिडक्या उघड्या असल्या की लॅबमधली कमांड प्रॉडक्शनमध्ये पडायला एक क्लिक पुरतो. मग ती कमांड एंटर न दाबता वाच. एक उदाहरण देते, कारण ते बघून ज्येष्ठांच्याही अंगावर काटा येतो. सिस्कोच्या स्विचवर ट्रंकमधून, म्हणजे अनेक व्हीलॅन (स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं) एकत्र वाहणाऱ्या लिंकमधून, व्हीलॅन 40 जाऊ द्यायचा आहे. कमांडमध्ये ‘ॲड’ हा शब्द असला तर 40 जुन्या यादीत मिळवला जातो. तो शब्द राहिला तर यादीच्या जागी एकटा 40 उरतो, बाकीचे सगळे व्हीलॅन त्या ट्रंकवरून बाद, आणि बहुधा त्यांतल्याच एकावरून तू लॉगिन केलेलं असतं. स्विच हूं की चूं करत नाही, व्याकरण बरोबर असतं ना. स्पॅनचंही तसंच. ज्या पोर्टला तू डेस्टिनेशन ठरवशील, तो पोर्ट नेहमीचं काम बंद करून नुसती नक्कल ओकायला लागतो. आकड्यात एक चूक झाली आणि तिथे कोणाचा सर्व्हर लावलेला असला, तर तो सर्व्हर गेला.

म्हणून परतीची वाट आधी बांधायची. सिस्कोच्या भाषेत ‘रीलोड इन 10’. बदलापूर्वी चालू कॉन्फिग सेव्ह केलेली असावी, बदलानंतर लगेच सेव्ह करू नये. वाट बंद झाली तर दहा मिनिटांनी पेटी आपणहून रीस्टार्ट होते आणि जुनी कॉन्फिग घेऊन उठते. सगळं ठीक असेल तर रीलोड रद्द कर आणि मग सेव्ह करायला राइट मार. ज्युनिपरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे, ते तर अधिक सुबक. रीस्टार्टही लागत नाही, दहा मिनिटांत दुजोरा दिला नाहीस तर बदल आपोआप मागे जातो. कॉपर टॅपसारखी लाइनमधली पेटी असेल तर रीस्टार्टचा विचार दोनदा कर. गिगाबिट कॉपर टॅपची वीज गेली की आतला रिले मूळ वाट जोडतो, पण जोडताना लिंक क्षणभर पडून पुन्हा उठते. प्लँटला तो क्षणही महाग असतो.

बघायच्या कमांड निरुपद्रवीच असतात, असं मात्र समजू नकोस. गर्दीच्या राउटरवर ‘डीबग’ लावलंस तर तो पॅकेट पुढे ढकलायचं सोडून तुलाच गोष्टी सांगत बसतो. 4 ऑक्टोबर 2021ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळं सहाएक तास बंद पडलं, ते तुला आठवत असेल. तुझ्या आईने मला तेव्हा साधा कॉल केला होता, वर्षातला बहुधा पहिलाच. कंपनीने नंतर सांगितलं त्याप्रमाणे देखभाल चालू असताना मुख्य (बॅकबोन) नेटवर्कची क्षमता अजमावण्यासाठी एक कमांड दिली गेली. हेतू अंदाज घेण्याचा होता. त्या कमांडने सगळ्या डेटा सेंटरांच्या जोडण्या तोडल्या. अशी कमांड अडवणारं तपासणीचं साधन होतं, त्यातच बग निघाला. दुरुस्तीची नेहमीची हत्यारं त्याच नेटवर्कवर अवलंबून होती आणि आणीबाणीसाठी ठेवलेलं आडवाटेचं नेटवर्कही चालत नव्हतं, त्यामुळे माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. अमेझॉनच्या एस-थ्रीचं 28 फेब्रुवारी 2017चं प्रकरणही याच जातीचं: ठरलेल्या पद्धतीचीच कमांड, तिला दिलेली एक माहिती चुकली, आणि काढायचे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. तिथले लोक आपल्यापेक्षा कमी हुशार नव्हते. फेसबुकचा धडा म्हणून तुझ्या ऑफिसात मॅनेजमेंट पोर्ट कुठल्या नेटवर्कवर आहेत ते या आठवड्यात विचारून घे. ते मुख्य नेटवर्कवरच असतील तर लेखी कळव. कोणी ऐकलं नाही तरी कळव.

आणि एवढं सगळं पडद्यावर बघूनही मातीतलं दिसत नाही. 24 फेब्रुवारी 2021ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11:40ला थांबले आणि दुपारी 3:45ला पुन्हा सुरू झाले. दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या जोडण्या होत्या, आणि दोन्ही एकाच वेळी डळमळल्या. कारण म्हणून रस्त्यावरचं खोदकाम आणि बांधकाम पुढे आलं. तुझ्याकडे तर जेसीबी हा कायमचा शेजारी आहे. मारुंजी-कासारसाई रस्त्याला नव्या सोसायट्यांच्या नळाच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी. फायबर कुठून गेलंय हे खोदणाऱ्याला ठाऊक नसतं. ‘शो’ मारून दोन लिंक दिसल्या, तरी त्या एकाच चरातून येतात की दोन, हे सेवा देणाऱ्याकडून मार्गाच्या नकाशासकट मागव. उत्तराला वेळ लागेल. मागे लाग.

घड्याळाचं बोलायचं राहिलं. लॉगिन केल्यावर ‘शो क्लॉक’ मारायची सवय लाव. सिस्कोच्या पेटीवर वेळेआधी चांदणी दिसली तर ते घड्याळ भरवशाचं नाही. एक पेटी यूटीसीवर, दुसरी आपल्या वेळेवर, तिसरी कुठल्याशा जुन्या सालात, अशा नोंदी जुळवताना साडेपाच तासांच्या फरकाने माणूस वेडा होतो. आता तर ही कायद्याचीही बाब आहे. सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसीच्या किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी जुळवायची, नोंदी 180 दिवस जपायच्या, आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची. त्या सहा तासांतले तीन घड्याळं जुळवण्यात घालवायचे नसतील तर आजच बघून ठेव.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत लिहिते. तुझ्या पेट्यांमधून लोकांचं आयुष्य वाहतं. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड चोरले, त्यानंतर तातू युलेनन या तिथल्या संशोधकाने एसएसएच लिहिलं. त्या चोराकडे जी ताकद होती ती आज पगार देऊन तुझ्या हाती दिली आहे. तेव्हा टेलनेट कुठे चालू दिसलं तर बंद करून घे. ‘ॲडमिन’ हे सगळ्यांचं मिळून एक लॉगिन असेल तर स्वतःच्या नावाचं माग, म्हणजे केलेलं आणि न केलेलं दोन्ही सिद्ध होतं. पॅकेट कॅप्चर घेताना नेमकी आयपी, नेमका पोर्ट आणि मोजकी पॅकेट्स एवढंच घे, तिकिटाचा नंबर लिहून ठेव, काम झालं की फाइल पुसून टाक. कुतूहल म्हणून कोणाचं ट्रॅफिक उघडायचं नाही, मित्राने मागितलं तरी नाही, मॅनेजरने तोंडी सांगितलं तरी नाही. लेखी मागायला लाजू नकोस.

जेवणाचं आईला खोटं सांगू नकोस. नाइटनंतर वडापावावर दिवस काढतोस हे मला ठाऊक आहे. आणि चाकणच्या त्या टॅपच्या दोन्ही बाजूंचे आकडे पाठव, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा घेतलेले, वेळेसकट. ग्राहकाचं नाव आणि आयपी खोडून पाठव. मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढू नकोस, टेक्स्ट कॉपी कर.

तुझी,
मावशी