पडद्यावर शब्द किती असावेत?



२०१७ साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू झाले. २०२० च्या टाळेबंदीत तर मोबाईलचा पडदा हाच अनेकांचा फळा झाला. आज आपले तरुण असे अभ्यासक्रम शिकतात, काही जण ते तयारही करतात. तयार करणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो, तो मजकुराचा. पुस्तकाचे पानच्या पान पडद्यावर चढविले तर शिकणारा ते न वाचताच ‘पुढे’ हे बटण दाबतो. चारच शब्द ठेवले तर उजळणीला हाती काही उरत नाही.

असे का होते? माणसाची तात्कालिक स्मृती फार लहान असते. १९५६ साली मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी तिची मर्यादा साधारण सात गोष्टींची सांगितली. पुढील संशोधकांनी ती चारपर्यंत खाली आणली. याच मर्यादेवर जॉन स्वेलर यांनी १९८८ साली बौद्धिक भाराचा सिद्धांत मांडला. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत असे दिसले की, चित्र व निवेदन चालू असता तेच निवेदन शब्दशः लिहून दाखविल्यास बहुधा आकलन घटते. कारण डोळे चित्र आणि अक्षरे यांत विभागले जातात.

एक उदाहरण घेऊ. आरोग्य स्वयंसेवकांना जुलाबावरील घरगुती जलसंजीवनी शिकवायची आहे. (तयार पाकीट मिळाल्यास तेच उत्तम.) येथे मजकुराचे तीन भाग करावेत :

१. कायम दिसणारा : १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे आकडे पडद्यावरून हलू नयेत.

२. ऐकविण्याचा : शरीरातील पाणी व क्षार का घटतात, याचे विवेचन. ते चित्रासह आवाजात द्यावे.

३. कृतीनंतरचा : शिकणाऱ्याने स्वतः प्रमाण निवडावे. त्याने तीन चमचे मीठ निवडले तर केवळ ‘चूक’ असे लिहू नये. ‘जादा मिठाने रक्तातील क्षार वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकते’ हे कारण तेथेच द्यावे. चुकीच्या क्षणी वाचलेले एक वाक्य पानभर उपदेशापेक्षा अधिक काळ लक्षात राहते.

मात्र कमी मजकूर म्हणजे चांगला धडा, असा नियम नव्हे. कर्णबधिर बांधवांना आणि परक्या भाषेत शिकणाऱ्यांना लिखित शब्दांचाच आधार असतो. म्हणून निवेदनाचा मजकूर हवा तेव्हा उघडता व बंद करता यावा. सर्व विवेचन शेवटी वाचण्यासाठी वेगळे द्यावे. अक्षरे ठळक असावीत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

स्वाध्याय : आपल्या पाठ्यपुस्तकातील एक पान घ्या. त्यातील दाखवायचे काय, ऐकवायचे काय आणि करवून घ्यायचे काय, हे तीन रकान्यांत लिहा. मग ते पहिल्यांदाच शाळेची पायरी चढलेल्या घरातील मुलाला दाखवा. तो जेथे अडेल, तेथे आपला धडा अजून कच्चा आहे असे समजावे.