थंडी सरताना विणकाम : घरातल्या सुयांवरचे गणित आणि विज्ञान



फाल्गुन लागला की शाळेत परीक्षांची गडबड सुरू होते आणि घरात गरम कपड्यांची आवराआवर. "होळी जळाली, थंडी पळाली" असं आपण म्हणतो आणि स्वेटर, कानटोप्या, मफलर कपाटाच्या वरच्या फळीवर जातात. ज्या घरात कुणी विणणारं असतं, तिथे मात्र याच दिवसांत पुढच्या हिवाळ्याचं काम सुरू होतं. कोणता स्वेटर आखूड झाला, कोणता उसवायचा, उरलेल्या लोकरीतून काय निघेल, पोरगं डिसेंबरपर्यंत किती वाढेल, हे सगळे हिशेब आता होतात.

घरी विणणाऱ्या बाईकडे बघून आपण सहज म्हणतो, "वेळ जातो त्यांचा छान." त्या बसल्या जागी प्रमाण, भागाकार, बाकी, सरासरी हे सगळं वापरत असतात, हे आपल्या लक्षात येत नाही. त्यांच्याही येत नाही. म्हणून पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी हा पाठ तयार केला आहे. शिक्षकांनी वर्गात घ्यावा, पालकांनी घरी करून पाहावा.

१. विणणे म्हणजे नक्की काय?

मराठीत आपण कापड विणतो, बाज विणतो, टोपली विणतो आणि स्वेटरही विणतो. शब्द एकच, पण कृती वेगवेगळ्या. मागावर कापड विणताना उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे एकमेकांतून जातात. स्वेटर विणताना बहुतेक वेळा एकच धागा असतो. त्याचा फास करायचा, त्या फासातून पुढचा फास ओढायचा. फास वळणदार असल्यामुळे ताण पडला की तो रुंद होतो आणि सोडला की परत येतो. म्हणून स्वेटर ताणला जातो, शर्टाचं कापड तसं ताणलं जात नाही.

मुलांना एक भिंग द्या. एक शर्ट आणि एक टी-शर्ट शेजारी ठेवा. टी-शर्टमध्ये बारीक फासांच्या रांगा दिसतील. म्हणजे रोज अंगात घालतो तो टी-शर्टही स्वेटरचाच भाऊ, फक्त यंत्रावर विणलेला!

स्वेटर गरम का? लोकर स्वतः उष्णता तयार करत नाही. फासांच्या पोकळीत हवा अडकून राहते, हवा उष्णतेची मंदवाहक आहे, म्हणून अंगातली ऊब बाहेर जात नाही. सातवी-आठवीला उष्णतेचे संक्रमण शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

२. स्वेटर ठेवण्याआधी

या दिवसांतलं पहिलं काम म्हणजे धुणे. लोकरीचा कपडा कोमट किंवा गार पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता धुवायचा. पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा पसरून वाळवायचा. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने लांब होतो.

न धुता ठेवलं तर काय होतं? खऱ्या लोकरीत केराटिन नावाचं प्रथिन असतं, आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच. कसरीच्या अळ्या ते खातात. घामाचे आणि अन्नाचे डाग असले की त्यांना आणखीच बरं. म्हणून स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट पिशवीत ठेवायचं. डांबराच्या गोळ्या टाकत असाल तर लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असं पाहा, कारण त्या विषारी असतात.

दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा बराचसा धागा मात्र अॅक्रिलिकचा असतो. ओळखायचा कसा? शिक्षकांनी स्वतः, चिमट्यात धरून, छोटा तुकडा जाळून दाखवावा (मुलांच्या हाती देऊ नये). खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

३. नमुन्याचा तुकडा आणि त्रैराशिक

मागच्या वर्षी याच दिवसांत आम्ही सहावीच्या वर्गात एका विद्यार्थ्याच्या आजींना बोलावलं होतं. नातवाचा स्वेटर आखूड झाला होता आणि त्या नवा सुरू करणार होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, "बाई, मी काय शिकवणार? चौथीतनं शाळा सुटली माझी. मला कसलं गणित येतंय!" मग त्यांनी पिशवीतून लोकर आणि सुया काढल्या, आणि पुढचा तासभर वर्गात गणितच चाललं.

आधी त्यांनी घरून विणून आणलेला एक चौकोनी तुकडा दाखवला. स्वेटर सुरू करण्याआधी असा नमुना विणून बघायचा असतो. मुलांनी पट्टी लावली : १० सेंटिमीटर रुंदीत २२ टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत ३० ओळी.

नातवाची छाती ६४ सेंटिमीटर. सैलपणा आणि डिसेंबरपर्यंतची वाढ धरून आजींनी ८ सेंटिमीटर वाढवले. झाले ७२. म्हणजे पाठ ३६ सेंटिमीटर आणि पुढचा भाग ३६.

१० सेंटिमीटरला २२ टाके, तर ३६ ला किती? ३६ × २.२ = ७९.२.

मुलं म्हणाली ७९ घाला. आजी म्हणाल्या, "चालणार नाही." खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी होती. दोन्ही कडांना दोन-दोन सुलट टाके यायला हवेत, म्हणजे टाक्यांच्या संख्येला ४ ने भागून बाकी २ उरली पाहिजे. ७९ च्या जवळ अशा संख्या दोन : ७८ आणि ८२. पोरगं वाढतं आहे, म्हणून ८२. भागाकारातली 'बाकी' कशासाठी शिकायची, असं विचारणाऱ्या मुलांना यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी ठाऊक नाही.

आता मुलांना हा प्रश्न घाला : हात सैल पडला आणि १० सेंटिमीटरला २२ ऐवजी २० टाके आले तर? ८२ टाक्यांची रुंदी ३७.३ ऐवजी ४१ सेंटिमीटर होईल. दोन्ही भाग मिळून स्वेटर जवळजवळ साडेसात सेंटिमीटरने ढगळ. नमुना विणायला अर्धा तास लागतो, आणि तो न विणण्याची किंमत ही एवढी.

४. बाही किती टाक्यांची?

एका मुलीने विचारलं, "आजी, बाहीचं माप कुठाय?" आजी म्हणाल्या, "माप कशाला? पुढचं-मागचं मिळून जेवढे टाके, त्याचा पाचवा हिस्सा मनगटाला आणि तिसरा हिस्सा वर दंडाला."

मुलांनी फळ्यावर करून पाहिलं. ८२ + ८२ = १६४. पाचवा हिस्सा ३२.८, तिसरा ५४.६७. बाकी २ चा नियम लावून मनगटाला ३४ टाके. दंडाला आजींनी सरळ ५४ धरले. म्हणजे ३४ वरून ५४ वर जायचं, २० टाके वाढवायचे, दोन्ही कडांना मिळून एका वेळी २. अशा १० वेळा वाढ. बाहीची लांबी ३५ सेंटिमीटर, म्हणजे १०५ ओळी. म्हणून साधारण दर दहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा.

एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या अमेरिकेत राहणाऱ्या नामवंत विणकर लेखिकेने स्वेटरसाठी टक्केवारीची पद्धत मांडली होती. अंगाचे टाके १०० टक्के धरायचे, मनगटाला सुमारे २० टक्के आणि दंडाला सुमारे ३३ ते ३५ टक्के. आजींनी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांना ते त्यांच्या सासूबाईंनी 'हिश्श्यां'त शिकवलं होतं. अपूर्णांक आणि शेकडेवारी एकच गोष्ट दोन भाषांत सांगतात, हे वर्गाला त्या दिवशी वेगळं समजवावं लागलं नाही.

५. सुईचा नंबर

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या सुयांवर नंबर असतात. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, १० नंबरची ३.२५ आणि १२ नंबरची २.७५ मिलिमीटर. नंबर वाढला की जाडी कमी! एक राशी वाढली की दुसरी घटते हे मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं. (गुणाकार काढून पाहायला सांगा. तो स्थिर येत नाही, म्हणून हे पुस्तकातलं व्यस्त चलन नव्हे, हेही कळेल.) खालची पट्टी घट्ट हवी म्हणून ती बारीक, म्हणजे १० नंबरच्या सुईवर आणि वरचं अंग ८ नंबरवर विणतात.

६. उसवणे

परीक्षेच्या दिवसांत मुलांना दाखवावा असा हा भाग आहे. विणताना टाका सुटतो, उलटच्या जागी सुलट पडतो. सहा ओळी पुढे गेल्यावर ते दिसतं. मग विणणारी काय करते? थांबते आणि बघते. तेवढाच एक टाका खालपर्यंत सोडून क्रोशाच्या सुईने वर आणता येईल का? नाही तर सहाही ओळी उसवायच्या? की चूक काखेत लपते आहे, म्हणून तशीच ठेवायची? कोणत्या चुकीवर किती वेळ द्यायचा, हे ती ठरवते. आपली मुलं लाल शेरा पाहिला की वही मिटतात. त्यांना हे ठरवणं पाहू द्या.

उसवलेली लोकर वायाही जात नाही. आखूड झालेला स्वेटर शिवणी सोडून, जिथे टाके बंद केले होते त्या टोकाकडून उसवायचा. धागा वाकडातिकडा निघतो. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगायची. वाळली की धागा बराच सरळ होतो. मग गुंडी करायची. कमी पडली तर मध्ये दुसऱ्या रंगाचे पट्टे. धाकट्या भावंडाचा स्वेटर तयार!

७. "मग विकतच घ्या ना!"

हा प्रश्न वर्गात येणारच, आणि तो टाळू नये. आमच्याकडे मुलांनी घड्याळ लावून आजींचे टाके मोजले : मिनिटाला २४. मग हिशेब केला.

पाठ : उंची ४२ सेंटिमीटर, म्हणजे १२६ ओळी. १२६ × ८२ = १०,३३२ टाके. पुढचा भागही साधारण तेवढाच. बाही : सरासरी ४४ टाके × १०५ ओळी = ४,६२०, दोन बाह्यांचे ९,२४०. एकूण जवळजवळ ३०,००० टाके. मिनिटाला २४ म्हणजे सुमारे २१ तास. गळा आणि शिलाई धरून २५. रोज अर्धा तास मिळाला तर ५० दिवस. उन्हाळ्यात हाताला घाम येतो, लोकर सुईवर सरकत नाही, तेव्हा काम थांबतं. फाल्गुनात सुरुवात का करायची, ते आता कळलं असेल.

तासाला ५० रुपये धरले तरी २५ तासांचे १,२५० रुपये, लोकर वेगळी. एक मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे आजीला तोटाच की!" बाजारातला स्वेटर स्वस्त असतो हे खरं आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये विणण्याचं यंत्र तयार केलं, तेव्हापासून यंत्र हातापुढे निघून गेलं आहे. आज लुधियानासारख्या शहरात यंत्रावर ढिगाने स्वेटर निघतात. हाताने स्पर्धा करायची गरज नाही.

पण फळ्यावरचा तो १,२५० चा आकडा पुसण्याआधी मी मुलांना विचारलं, "आजपर्यंत आजींना यातले किती मिळाले?" वर्ग गप्प झाला. तो शून्य त्यांच्या कामाची किंमत सांगत नाही. आपण त्यांना काय दिलं, ते सांगतो. आजी मात्र हसून म्हणाल्या, "एवढे टाके होतात होय! मी कधी मोजलेच नव्हते."

८. वर्गात आणि घरी काय करता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे. स्थानिक कारागिरांकडून शिकणं हा त्याचा हेतू. त्यातला एक दिवस विणकामासाठी ठेवता येईल.

१. प्रत्येक मुलाने, मुलगा असो वा मुलगी, २० टाक्यांचा आणि २० ओळींचा सुलट तुकडा विणावा. सुया नसतील तर गुळगुळीत घासलेल्या बांबूच्या काड्या चालतात.

२. आपला तुकडा मोजून १० सेंटिमीटरला किती टाके ते काढावं. सगळ्यांची लोकर सारखी असूनही उत्तरं वेगळी का, यावर चर्चा करावी.

३. स्वतःच्या छातीचं माप घेऊन आपल्या स्वेटरचे टाके काढावेत. ४ ने भागून बाकी २ यायला हवी, हे विसरू नये.

४. घरातल्या किंवा शेजारच्या विणणाऱ्या व्यक्तीला तीन प्रश्न विचारावेत : कुणाकडून शिकलात? पहिलं काय विणलं? ते कुणी घातलं?

५. घरातल्या एका विणलेल्या वस्तूचे टाके अंदाजे मोजून, ती करायला किती तास लागले असतील ते काढावं आणि विणणाऱ्या व्यक्तीला तो आकडा सांगावा.

पालकहो, पाचवा उपक्रम तुम्हीही मुलांबरोबर करा. कपाटात ठेवायला काढलेला स्वेटर हातात आहेच, पट्टी आणि कागद घेऊन बसा. आणि शिक्षकांनो, ज्या आजी, मावशी किंवा काका वर्गात येतील, त्यांचं नाव त्या दिवशीच्या वेळापत्रकात 'गणित' या विषयासमोर लिहा.