हातांत आणि कानांत राहणारी विद्या

विद्यार्थिमित्रहो, आपल्या मुळशी तालुक्यांत कासारसाईसारख्या गांवीं भजन चाललें असतां टाळ-मृदंगाच्या गजरांत वीणेचा सूर आपण ऐकिला असेलच. परंतु असें वाद्य घडतें कसें, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. त्याचें उत्तर हवें असल्यास सांगली जिल्ह्यांतील मिरज ह्या शहरीं जावें. सतार आणि तंबोरा यांकरितां तें सर्व हिंदुस्थानांत प्रसिद्ध आहे.

ह्या कलेचा आरंभ मोठा बोधप्रद आहे. मिरजेंतील शिकलगार मंडळी पूर्वीं शस्त्रें घडविण्याचें व त्यांना धार लावण्याचें काम करीत. इंग्रजी अंमलांत तलवारीची मागणी सरली. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नांवाच्या कारागिरानें हात जोडून स्वस्थ न बसतां वाद्यें घडविण्यास आरंभ केला. पुढें ह्या घराण्यास ‘सतारमेकर’ हेंच आडनांव पडलें.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडील भागांतून येतो. तो वाळवून, कापून, आंतून स्वच्छ करितात. त्यावर तुनीच्या लाकडाची तबली व दांडी बसवितात, आणि शेवटीं लाखेचें रोगण देतात. एवढें काम डोळ्यांनीं पाहून शिकतां येतें. खरी परीक्षा पुढें आहे, ती ‘जवारी’ची. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीनें अशा बेतानें घासावा लागतो कीं, तार त्यावर निसटती टेकावी. मग तार व घोडी यांमध्यें सुताचा एक धागा सरकवितात. तो केसभर पुढें-मागें होतांच मुका सूर गुंजूं लागतो! ह्याला मापपट्टी नाहीं. कान हेंच माप. म्हणून मुलगा वडिलांशेजारीं वर्षानुवर्षें बसतो, तेव्हां कोठें ही विद्या त्याच्या अंगीं उतरते.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशाची नव्हे. गिटार ह्या वाद्यास आजचें रूप देणारा स्पेनचा कारागीर आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) ह्यानें १८६२ सालीं एका गिटारीची पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. सूर मुख्यतः वरच्या पातळ फळीवर अवलंबून असतो, हें त्याला दाखवावयाचें होतें. लाकूड बाजारांत मिळतें, पण तें किती तासावें व कोठें थांबावें, हें मात्र मिळत नाहीं.

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खां (मृत्यु १९३७) मिरजेसच राहिले. गायक आणि कारागीर असे शेजारीं असल्यानें कलेस पोषण मिळालें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभलें.

तथापि मानांकनानें कला जगत नाहीं. आज विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी स्वस्त मिळते. कष्ट फार व प्राप्ति थोडी म्हणून तरुण दुसरीकडे वळतात. पुस्तक हरवलें तर पुन्हां छापतां येतें; परंतु जाणत्या कारागिरापाशीं शिकावयास कोणी बसलें नाहीं, तर त्याची विद्या त्याच्याबरोबरच जाते.

यासाठीं मित्रहो, आपल्या घरीं वा गांवीं कोणी हातानें कांहीं घडवीत असेल, तर सुटीच्या दिवशीं त्याच्याजवळ घटकाभर बसा व विचारा. पालकांनींही त्या वेळेस वाया गेलेला वेळ समजूं नये.