नुसतं आवळून घेऊ नकोस

अगं, समोरचा ब्रेक दाबला की अण्णांची स्प्लेंडर खट वाजते आणि मांजरसुंब्याचा घाट उतरताना हँडल मनासारखं वळत नाही, असं तू म्हणालीस. त्यावर गॅरेजवाला 'आवळून देतो' म्हणाला, तर त्याला तिथंच थांबव. हे दुखणं आवळून जात नाही, उलट वाढतं.

आधी घरीच तपास. गाडी डबल स्टँडवर लाव, धाकट्याला मागून दाबून धरायला सांग, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल दोन बोटांनी हळू फिरव. बरोबर सरळ रेषेत आलं की खाचेत बसल्यासारखं अडकतंय? मग बॉल रेसर गेला. खाली बसून शॉकअपचे दोन्ही पाय धर आणि पुढे-मागे हलव, खेळ असेल तर हाताला लागेल.

असं का होतं ते सांगते. हँडलच्या दांड्यावर वर-खाली वाट्या असतात, त्यांत ग्रीसमध्ये सुटे छर्रे फिरतात. आपण जास्त वेळ सरळच चालवतो, म्हणून खड्ड्यांचे सगळे दणके खालच्या वाटीवर त्याच त्या जागी बसतात. वाटी काढून उजेडात धरलीस तर टाकी लावलेल्या पाट्यासारखे ठिपके ओळीनं दिसतील. ते आवळलं की छर्रे खड्ड्यात आणखी घट्ट बसतात आणि ट्रॉलीला बाजू देताना लागतं ते बारीकसं वळणच गाडी घेत नाही. मला भीती त्याचीच आहे.

दुकानात पूर्ण कोन सेट माग, म्हणजे वाट्या, छर्रे, रिंग सगळं, कंपनीचा. नुसते छर्रे बदलू देऊ नकोस. जुन्या वाटीत नवे छर्रे काही दिवसांतच तसेच वाजतील. काम चालू असताना तिथंच उभी राहा, लाजू नकोस. चाक, हँडल, शॉकअप धरणारी दांड्याची टी सगळं उतरवावं लागतं, त्यामुळे अर्धा दिवस जातोच. नव्या वाट्या वाकड्या बसता कामा नयेत, टीवरची खालची रिंगही बदललीच पाहिजे. ती काढायला अवघड म्हणून काहीजण तशीच ठेवतात. ग्रीस हात आखडून लावू देऊ नकोस. शेवटी हँडल नुसत्या धक्क्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं पाहिजे, आणि खेळ मात्र अजिबात नको.

धुताना प्रेशरचा फवारा हँडलच्या सांध्यावर मारू देऊ नकोस, पाणी आत शिरून ग्रीस खराब होतं.

दसऱ्यानंतर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतील, त्याआधी हे उरकून घे. आणि चार-पाचशे किलोमीटर झाले की परत जा. नव्या वाट्या जागेवर बसल्या की थोडा खेळ येतो, तेवढा मात्र आवळून घ्यायचा.