आधी हवेचा हिशेब, मग रस्ता

रस्ता रुंद होणार अशी बातमी आली की बाजारात दोन तट पडतात. ज्याचे दुकान वाचते तो खूश, ज्याचा ओटा तुटतो तो नाराज. बाकी सगळे एकच गणित करतात: माल लवकर येईल, गाडीभाडे उतरेल, गिऱ्हाईक वाढेल. आम्हीही तेच करीत आलो. परंतु आमच्या दुकानासमोरचा रस्ता मोठा झाला आणि पांढऱ्या कापडाचे तागे दोन दिवसांत मळकट दिसू लागले. काचेची कपाटे करावी लागली. दुकानातल्या पोराचा खोकला हटेना. तेव्हा ध्यानात आले की रस्त्याच्या जमाखर्चात एक बाजू कोणी लिहीतच नाही.

अमेरिकेत ही बाजू लिहिणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि ती लिहिल्याशिवाय केंद्र सरकारचा पैसा सुटत नाही. या नियमाला तिकडे ‘कन्फर्मिटी’ म्हणतात. कोशात त्याला अनुरूपता असा शब्द मिळेल, पण आम्हा व्यापाऱ्यांना सोपा शब्द म्हणजे ‘मेळ’. रोजमेळ लिहिणाऱ्याला तो समजावून सांगण्याची गरज नाही. रस्त्यांची योजना आणि हवा शुद्ध करण्याची योजना, या दोन वह्यांचा मेळ बसला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेचा स्वच्छ हवेचा कायदा १९७० चा. १९७७ साली त्यात मेळाचे कलम आले, परंतु शब्द मोघम होते, म्हणून वाटा पुष्कळ निघाल्या. १९९० च्या दुरुस्तीने ते कलम आवळले. ज्या भागाची हवा ठरलेल्या मानकात बसत नाही, तिथल्या रस्ते-वाहतुकीच्या योजनेने तीन गोष्टी करता कामा नयेत. मानकाचा नवा भंग होता कामा नये. जो भंग चालू आहे तो वाढता कामा नये. आणि हवा शुद्ध होण्याची जी मुदत ठरली आहे ती लांबता कामा नये. नोव्हेंबर १९९३ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, हिशेब कसा करायचा याचे सविस्तर नियम काढले. पुढे त्यांत अनेक फेरफार झाले, पण मूळ चौकट तीच राहिली.

आता हिशेबाची रीत पाहू. प्रत्येक राज्य आपली हवा सुधारण्याचा आराखडा बनवते. कारखाने किती धूर सोडणार, वीजकेंद्रे किती, मोटारगाड्या किती, अशी वाटणी त्यात असते. गाड्यांच्या वाट्याला आलेल्या आकड्याला धुराचे बजेट म्हणतात आणि तो दिवसाला अमुक टन असा लिहिला जातो. दुसरीकडे शहराचे नियोजन मंडळ किमान २० वर्षांचा रस्ते-वाहतूक आराखडा आणि जवळच्या काही वर्षांच्या कामांची यादी करते. माणसे कुठे राहतील, कामधंदा कुठे असेल, कोणत्या रस्त्यावर किती गाड्या किती वेगाने धावतील, याचा अंदाज काढून गाडीमागे किती धूर याने गुणतात. समजा बजेट दिवसाला १०० टनांचे आहे आणि सगळ्या नियोजित रस्त्यांसह बेरीज ९६ आली, तर मेळ बसला. १०४ आली तर बसला नाही. मग रस्ते कमी करा, बस वाढवा किंवा आराखडा बदला. ज्या भागात बजेटच ठरलेले नाही, तिथे आणखी साधी कसोटी लावता येते: कामे केली तर धूर किती आणि न केली तर किती.

यात दोन अटी आम्हाला फार शहाणपणाच्या वाटल्या. एक, यादीतल्या कामांसाठी पैसा कुठून येणार हे दाखवावे लागते. ‘पुढे मेट्रो करू, मग धूर कमी होईल’ असे हवेत बोलून बेरीज खाली आणता येत नाही. दोन, केंद्राचा एक डॉलर न घेता बांधलेला मोठा रस्ताही बेरजेत धरावा लागतो. पैसा कोणाचाही असो, धूर त्याच हवेत जातो.

ही झाली शहराची बेरीज. याशिवाय धूळ, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड यांसाठी, जिथे हे प्रदूषक मानकाबाहेर आहेत किंवा पूर्वी होते, तिथे एकेका कामाची जागेवरची तपासणी असते. शहराची बेरीज ठीक असली तरी एखाद्या चौकातली माणसे घुसमटू शकतात, हे त्यामागचे कारण. विशेषतः डिझेल ट्रकचा रस्ता असेल तर ही तपासणी कडक होते. २००६ मध्ये ईपीएने नमुना म्हणून सांगितले होते की दिवसाला १,२५,००० हून जास्त गाड्या आणि त्यांत ८ टक्के किंवा अधिक डिझेल ट्रक असतील, तर ते काम चिंतेचे धरावे. उलट डांबराचा नवा थर, कठडे, पादचाऱ्यांचे रस्ते, नवीन बस खरेदी, अशा कामांना या हिशेबातून सूट आहे.

नियम कागदावर सगळेच चांगले दिसतात. तो चावतो का, हे अटलांटा शहराने पाहिले. जॉर्जिया राज्याची ही राजधानी. कापडवाल्यांना सांगायला हरकत नाही की याच राज्यात डाल्टन हे गालिच्यांचे मोठे गाव आहे. घरोघरी हाताने केलेल्या चादरींतून तो धंदा उभा राहिला आणि पुढे यंत्रावर गेला. असो. अटलांटा चारी बाजूंनी पसरत गेले, माणसे दूर राहू लागली, गाड्यांच्या रांगा वाढल्या. गाड्यांचा धूर आणि कडक ऊन यांच्या संयोगाने जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो, तो छातीला वाईट. शहर आणि भोवतालचे जिल्हे धरून १३ जिल्ह्यांची हवा ओझोनच्या मानकात बसत नव्हती. जानेवारी १९९८ मध्ये तिथला मेळ तुटला, म्हणजे जुन्या मंजुरीची मुदत संपली आणि नवा हिशेब काही बसेना.

मोठ्या रस्त्यांच्या खर्चाचा साधारण ८० टक्के भार केंद्र उचलते. तो हात आखडला की राज्याला घाम फुटतो. मग पळवाट शोधली गेली. ईपीएच्या नियमात अशी सोय होती की ज्या कामांना मेळ तुटण्यापूर्वी एकदा मंजुरी मिळाली होती, ती पुढे चालू ठेवता येतील. या जुन्या मंजुरीच्या नावाखाली ६१ रस्त्यांची कामे यादीत ठेवली गेली. आमच्या भाषेत सांगायचे तर दिवाळे निघाल्यावरही जुन्या हुंड्यांवर माल उचलणे चालू ठेवले. पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. त्याच सुमारास, २ मार्च १९९९ रोजी, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या एका दाव्यात ती सोयच बेकायदा ठरवली. जूनमध्ये अटलांटाच्या दाव्यात समझोता झाला आणि ६१ पैकी ४४ कामे थांबली. नवा हिशेब मंजूर व्हायला जुलै २००० उजाडले.

या अडीच वर्षांत जे झाले त्यात व्यापाऱ्याने पाहण्यासारखे बरेच आहे. राज्याने १९९९ मध्ये वाहतुकीसाठी नवे प्राधिकरण नेमले. बेलसाउथ या मोठ्या टेलिफोन कंपनीने विखुरलेली कार्यालये मेट्रो स्थानकांजवळ आणण्याचे जाहीर केले. आणि एक जमीन विकसित करणारा मोठा पेचात सापडला. शहराच्या मध्यभागी अटलांटिक स्टील या जुन्या पोलाद कारखान्याची १३८ एकर जागा पडून होती. तिथे घरे, दुकाने, कार्यालये बांधायची होती, परंतु महामार्ग ओलांडणारा पूल नसेल तर गिऱ्हाईक येणार कसे? आणि पूल म्हणजे नवा रस्ता, त्यावर तर बंदी!

त्याने बंदीविरुद्ध गाऱ्हाणे गात न बसता हिशेब मांडला. एवढीच वस्ती शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर झाली तर लोक किती मैल गाडी चालवतील, आणि इथे मध्यभागी झाली तर किती? ईपीएने तीन बाहेरच्या जागांशी तुलना करून पाहिली. मध्यभागी गाड्या कमी धावतील असे निघाले. तेव्हा संपूर्ण वसाहत आणि तिचा पूल यांनाच धूर कमी करणारा उपाय मानून १९९९ मध्ये करार झाला. मेट्रो स्थानकापर्यंत फुकट बस चालवण्यासारख्या अटी त्यात होत्या. पूल २००४ मध्ये खुला झाला, वसाहत २००५ मध्ये.

आता आमच्या शंका. हा सगळा हिशेब अंदाजावर चालतो. २० वर्षांनी किती गाड्या धावतील हे आज कोण छातीठोक सांगणार? रस्ता रुंद झाल्यावर नव्या गाड्या त्यावर येतात, त्या कमी धरल्या की बेरीज आपोआप गोड होते. शिवाय गेल्या काही दशकांत अमेरिकेत गाड्यांचा धूर घटला तो मुख्यतः इंजिने आणि इंधन सुधारल्याने. त्यामुळे पुष्कळ रस्ते मेळात सहज बसून जातात आणि अटलांटासारखी अडवणूक विरळाच होते. त्याच शहरातले १९९६ च्या ऑलिंपिकचे उदाहरण नेहमी दिले जाते. खेळांच्या दिवसांत सकाळची गर्दी घटली, ओझोन उतरला, दम्याच्या तक्रारी कमी झाल्या, असे २००१ च्या अभ्यासात आले. परंतु २०१० मध्ये पुन्हा तपासले तेव्हा दिसले की त्या दिवसांत ओझोन आसपासच्या प्रदेशातही उतरला होता, म्हणजे हवामानाचाही हात होता. तेव्हा एका आकड्यावर उडी मारू नये.

हे सर्व आम्ही इकडच्या वाचकांना का सांगतो? २०१९ साली आपल्याकडे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यातही मानकात न बसणाऱ्या शहरांची यादी आहे, आणि मुंबई, सोलापूर, जळगाव, अकोला, उल्हासनगर ही नावे त्यात आहेत. यादीला शब्दही तोच, ‘नॉन-अटेनमेंट’. परंतु तिकडे त्या शब्दाला रस्त्याच्या पैशाचे कुलूप लावलेले आहे, इकडे नाही. इकडे पर्यावरण मंजुरी लागते ती एकेका प्रकल्पाला. शहरातले सगळे रस्ते मिळून हवेवर किती बोजा टाकतात याची एकत्र वही नाही.

तरी एक दार उघडे आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ज्या महामार्गाला जनसुनावणी लागते, तिची जाहिरात निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. एक वर्तमानपत्र प्रादेशिक भाषेतले असावे लागते. सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त दंडाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी असतो, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. मात्र नवीन जमीन न घेता होणाऱ्या रुंदीकरणाला ही सुनावणी लागत नाही, हे ध्यानात ठेवावे. सुनावणी असेल तर आपले लोक जातात आणि बहुधा नुकसानभरपाईचेच विचारतात. ते विचारावेच. पण सारांश आधी वाचून आणखी दोन सवाल लेखी द्यावेत. रस्ता केला तर वीस वर्षांनी इथे किती ट्रक येतील आणि न केला तर किती? आणि आजूबाजूच्या मंजूर रस्त्यांची वाहतूक या आकड्यात धरली आहे का? अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्यावी.